पुराचं धरण आणि चढणीचा मासा

पूर अडवायचा तर पाऊस येण्याआधी धरणात जागा रिकामी हवी. आपल्याकडे हे अवघड होतं, कारण पूर अडवायचा आणि वर्षभराचं पाणीही साठवायचं, ते त्याच चार महिन्यांत. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातलं विलामेट नदीचं खोरं या बाबतीत नशीबवान. तिथला मोठा पाऊस हिवाळ्यात पडतो आणि भरणीला पुढचा वसंत मिळतो. लष्कराच्या अभियंता दलाने १९४१ ते १९६९ या काळात या खोऱ्यात १३ धरणं उभी केली. सप्टेंबरपासून जलाशय उतरवायचे, डिसेंबर-जानेवारीत पुरासाठी मोकळे ठेवायचे, फेब्रुवारीपासून भरत मे महिन्यापर्यंत काठाला आणायचे, अशी त्यांची परिचालन सूची आहे. पुराच्या दृष्टीने ती चोख आहे. तिच्यात चिनूक सॅल्मन या माशाचा विचार मात्र नव्हता, आणि १९९९ साली इथल्या वसंतात चढणाऱ्या चिनूकची नोंद धोक्यातल्या प्रजातींमध्ये करावी लागली.

हा चढणीचा मासा. समुद्रात वाढतो, वसंतात नदीत शिरतो आणि डोंगरातल्या थंड पाण्यात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अंडी घालतो, म्हणजे नेमकी धरणं उतरवायच्या दिवसांत. मादी शेपटीने गोट्यांत खड्डा करून अंडी पुरते. विसर्ग मोठा असेल तर पाणी कडेपर्यंत पसरलेलं असतं आणि माद्या त्या कडेलाच घरटी करतात. पुढे धरण भरायला घेतलं, विसर्ग कापला की कड उघडी पडते आणि गोट्यांतली अंडी-पिल्लं वाळून जातात. म्हणून विणीच्या काळात विसर्गाला किमान मर्यादेबरोबर कमाल मर्यादाही लागते. पण कमाल मर्यादा घातली की जलाशय सावकाश उतरतो, आणि नोव्हेंबरचं पहिलं वादळ अर्ध्या भरलेल्या धरणावर येऊन आदळू शकतं. उतरवणं लवकर सुरू करावं, तर उन्हाळ्यातलं पाणी आणि नौकाविहार जातो. विसर्ग घटवण्याच्या वेगालाही लगाम हवा: रात्री तासाला सुमारे ३ सेंटीमीटर आणि दिवसा ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त पातळी उतरू नये, असा दंडक आहे. पाणी झपकन ओसरलं तर बोटभर पिल्लं डबक्यांत अडकतात.

तापमानाचा प्रश्न याहून कमी दिसणारा, पण माझ्या मते जास्त घातक. उन्हाळ्यात खोल जलाशयात वर कोमट आणि तळाशी थंड असे थर बसतात. जुन्या धरणांची विमोचकं, म्हणजे पाणी सोडायची दारं, खोलवर असल्याने उन्हाळाभर खाली बर्फगार पाणी जातं आणि चढणारे मासे रेंगाळतात. सप्टेंबरनंतर पातळी उतरत जाते, वरचा कोमट थर विमोचकाच्या तोंडाशी येतो आणि ऐन विणीच्या वेळी नदी गरम होते. चिनूकची पिल्लं गोट्यांबाहेर यायला साधारण १,००० अंश-दिवस लागतात, म्हणजे रोजच्या पाण्याच्या तापमानाचे अंश सेल्सिअस जोडत गेल्यावर बेरीज १,००० व्हावी लागते. पाणी ८ अंशांचं असेल तर १२५ दिवस, १० अंशांचं असेल तर १००. म्हणजे अवघ्या दोन अंशांनी पिल्लं साडेतीन आठवडे आधी बाहेर पडतात, तीही भर थंडीत, खाणं नसताना आणि पुराच्या तोंडी.

विलामेटची उपनदी मॅकेन्झी, तिच्या दक्षिण शाखेवरच्या कूगर धरणाला यासाठी २००५ साली सुमारे ९० मीटर उंचीचा मनोरा बसवला गेला. त्याला वेगवेगळ्या उंचीवर दारं आहेत. कोणत्या थराचं किती पाणी मिसळायचं ते ठरवून नदीचं तापमान जवळपास धरणाआधीच्या चालीवर आणता येतं. पुरासाठीच्या जागेला यात धक्का लागत नाही, हे विशेष.

धरण माशांची वाटही अडवतं. मोठे मासे धरणाखाली पकडून टँकरने वर नेता येतात. त्यांची पिल्लं खाली आणायची कशी? ती पृष्ठभागाजवळ पोहतात आणि ३०-४० मीटर बुडी मारून विमोचक शोधत नाहीत. सांडव्यावरून सोडावीत, तर कोसळणाऱ्या पाण्यात हवा दाबाखाली विरघळते. विरघळलेला वायू ११० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेला की माशांच्या रक्तात बुडबुडे होतात.

याच खोऱ्यातल्या फॉल क्रीक धरणावर २०११पासून एक रांगडा उपाय चालतो. तिथल्या हिवाळी पावसाच्या तोंडाशी जलाशय नेहमीच्या हिवाळी पातळीच्याही सुमारे १५ मीटर खाली, जवळजवळ मूळ ओढ्याइतका उतरवायचा. विमोचक पृष्ठभागाशी येतं आणि पिल्लं प्रवाहाबरोबर निघून जातात. पिल्लांवर ताव मारणारे परके मासेही बऱ्याच अंशी धुऊन जातात. इथे वीजनिर्मिती नाही, त्यामुळे हे परवडतं.

२०२३ साली ग्रीन पीटर या कितीतरी मोठ्या धरणावर हेच केलं तेव्हा दोन गोष्टी अंगाशी आल्या. खोल पाण्यात राहणारे कोकनी (समुद्रात न जाता तळ्यातच वाढणारे सॅल्मन) मासे विमोचकातून ओढले गेले आणि दाब एकदम घटल्याने त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशव्या फुगून हजारोंनी मेले. दुसरं, अनेक दशकं साचलेला गाळ उघडा पडून वाहिला आणि स्वीट होम व लेबनन या गावांच्या जलशुद्धीकरण केंद्रांना गढूळपणा झेपेना. फॉल क्रीकलाही गाळ वाहतोच. पण ग्रीन पीटरसारख्या ठिकाणी आधी गाळाची मोजणी, टप्प्याटप्प्याने उतरण आणि खालच्या गावांना पाण्याची पर्यायी सोय एवढं तरी हाताशी असल्याशिवाय दार उघडू नये.