अंजन गवत : सोनोरन वाळवंटातील आक्रमण

अंजन गवत (शास्त्रीय नाव सेंक्रस सिलिॲरिस, कुल पोएसी) हे आफ्रिका, अरबस्तान आणि भारतीय उपखंडातील कोरड्या प्रदेशांचे बहुवर्षायू गवत आहे. इंग्रजीत त्याला बफेल ग्रास म्हणतात. मायभूमीत ते उत्तम चारा समजले जाते आणि मुद्दाम लावलेही जाते. अमेरिकेतील ॲरिझोना आणि मेक्सिकोतील सोनोरा या राज्यांत पसरलेल्या सोनोरन वाळवंटात मात्र त्याच गवतामुळे सहसा न पेटणारी भूमी पेटू लागली आहे.

गवत तिथे आपोआप पोचले नाही. जमिनीची धूप थांबावी आणि दुष्काळातही गुरांना चारा मिळावा म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते अमेरिकेत आणले गेले. पुढे सोनोरात कुरणांसाठी मूळची झाडी काढून फार मोठ्या क्षेत्रावर त्याची पेरणी झाली. ज्या गुणांसाठी त्याची निवड झाली तेच आज नडत आहेत : खोल मुळे, थोड्या पावसावर फुटवे, चराई आणि आग सोसण्याची ताकद. त्याचे बी बहुतांशी परागीभवनाशिवाय तयार होते, त्यामुळे एका ठोंबापासूनही नवी वस्ती उभी राहू शकते. केसाळ कणसातले हलके बी वाऱ्याबरोबर, जनावरांच्या अंगाला चिकटून आणि वाहनांबरोबर दूर जाते. म्हणूनच रस्त्यांच्या कडा ही त्याच्या पसरण्याची मोठी वाट ठरली.

हानी समजायची तर या वाळवंटाची ठेवण पाहावी लागते. सग्वारो निवडुंग, पालो वेर्दे, आयर्नवुड ही झाडे एकमेकांपासून अंतर राखून वाढतात. मधली जमीन बरीचशी उघडी असते. कुठे ठिणगी पडली तरी ती विझते, कारण तिला पुढे न्यायला काही नसते. अंजन गवत नेमकी हीच मोकळी जागा भरते. वाळलेल्या काड्या ठोंबातच साचत जातात आणि झाडापासून झाडापर्यंत जळणाची सलग चादर तयार होते. या गवताच्या आगीचे तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. आगीनंतर गवत मुळापासून पुन्हा फुटते, सग्वारो मात्र फुटत नाही. जागा आणखी मोकळी होते, गवत आणखी दाट होते आणि पुढच्या वणव्याची तयारी होते.

सग्वारोच्या बाबतीत हे नुकसान भरून निघणे फार कठीण आहे. त्याचे रोपटे पहिल्या आठ वर्षांत जेमतेम ३ ते ४ सेंमी वाढते, फांद्या फुटायला ५० ते ७५ वर्षे लागू शकतात आणि पूर्ण आयुष्य दीडशे वर्षांहून मोठे असू शकते. शिवाय कोवळी रोपे बहुधा पालो वेर्देसारख्या झाडाच्या सावलीतच तगतात. ते झाड जळाले की पुढच्या पिढीचा आसराही जातो. आग लागली नाही तरी गवत पावसाचे पाणी आधी शोषून घेते, त्यामुळे स्थानिक झुडपे आणि हंगामी रानफुले विरळ होतात.

ॲरिझोनाने २००५ मध्ये त्याला घातक तण ठरवले. टूसॉन शहराभोवतीच्या टेकड्यांवर आणि सग्वारो राष्ट्रीय उद्यानात स्वयंसेवक पहारीने ठोंब मुळासकट उपटतात. ग्लायफोसेटसारखे तणनाशक पाने हिरवी असतानाच चालते, म्हणजे मुख्यतः उन्हाळी पावसानंतरच्या थोड्याच आठवड्यांत. त्या काळातच तीव्र उतारांवर चढून काम करावे लागते, हे या लढ्यातले सर्वांत अवघड गणित. मातीतले बी काही वर्षे जिवंत राहत असल्याने साफ केलेल्या जागी पुन्हापुन्हा परतावे लागते. एकदाच उपटून निघून जाणे म्हणजे श्रम वाया घालवणे.

ऑस्ट्रेलियातही हाच पेच आहे. तिथल्या पशुपालकांना हे गवत हवे असते, पण दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याने २०१५ मध्ये त्याला तण घोषित केले. सोनोरातही ते अनेक पशुपालकांचे मुख्य कुरण आहे. त्यामुळे सीमेच्या उत्तरेला जे गवत उपटले जाते, त्यावरच दक्षिणेला गुरे चरतात.