अमेरिकेतले सामूहिक गोळीबार : १९३४ची व्याख्या आणि २०२४चा निकाल

शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या, अमेरिकेच्या घटनेतल्या १७९१च्या दुसऱ्या दुरुस्तीविषयी भरपूर लिहून झाले आहे. मशीनगन म्हणायचे कशाला, हा आजचा पेच कळायला १७९१पेक्षा १९३४ साल जास्त उपयोगी. दारूबंदीच्या काळात टोळ्यांनी घातलेला धुमाकूळ पाहून तेव्हाच्या कायद्याने मशीनगनवर २०० डॉलरचा कर आणि नोंदणीची सक्ती आणली. १९८६मध्ये नवी मशीनगन सामान्य नागरिकांना बंदच झाली. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे चापाच्या दर ओढीला एकच गोळी झाडणाऱ्या, रायफली मात्र मोकळ्या राहिल्या.

दरम्यान समाजही बदलत होता. शिकार आणि नेमबाजीत रमलेली बंदूकधारकांची बडी संघटना १९७७च्या सत्तापालटानंतर राजकीय ताकद बनली. छंदाची जागा स्वसंरक्षणाने घेतली आणि २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर वैयक्तिक हक्काची मोहोर उमटवली. १९९४ची असॉल्ट रायफलबंदी, म्हणजे लष्करी धाटणीच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवरची बंदी, तोवर मुदत संपून गेलीही होती.

१ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगासमध्ये हॉटेलच्या ३२व्या मजल्यावरून संगीत महोत्सवाच्या गर्दीवर दहा-अकरा मिनिटांत हजारावर गोळ्या झाडल्या गेल्या. ६० माणसे गेली. बऱ्याच रायफलींना बम्प स्टॉक, म्हणजे मागेपुढे सरकणारा दस्ता, बसवलेला होता. गोळी सुटली की धक्क्याने रायफल मागे येते, दुसऱ्या हाताने ती पुढे रेटत राहायची. जागच्या जागी धरलेल्या बोटावर चाप आपटत राहतो. ज्या केंद्रीय खात्याने असे दस्ते मशीनगनमध्ये मोडत नाहीत असे पूर्वी कळवले होते, त्यानेच २०१८मध्ये भूमिका बदलून बंदी घातली.

जून २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती बंदी ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द झाली. १९३४च्या व्याख्येनुसार चापाच्या एकाच क्रियेत अनेक गोळ्या सुटायला हव्यात. इथे प्रत्येक गोळीमागे चाप पुन्हा जागेवर येतो, असे बहुमत म्हणाले. अल्पमताने बोटाकडे पाहिले: झाडणारा चाप एकदाच ओढतो, पुढचे सगळे आपोआप घडते. हेच वाचन कायद्याच्या हेतूला धरून आहे. बहुमतातल्या एका न्यायमूर्तींनी कायदा बदलायचा मार्ग संसदेला मोकळा असल्याचे नोंदवले. आठवड्याभरात सिनेटमध्ये विधेयक एकमताने मंजुरीसाठी आले आणि एका सदस्याच्या हरकतीने अडले.

त्याआधी, २०२२मध्ये, टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. हल्लेखोराने अठरावा वाढदिवस होताच, काही दिवसांत, कायदेशीररीत्या रायफली घेतल्या होत्या. सुमारे महिन्याभरात आलेल्या केंद्रीय कायद्याने २१ वर्षांखालच्या खरेदीदारांची तपासणी कडक केली. परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला २१ वर्षे लागतात; रायफलीसाठीची १८ची अट या नव्या कायद्याने तशीच ठेवली.