आंतरबँक संबंध आणि संकटकाळातील कर्जपुरवठा

बँका एकमेकींकडे ठेवी ठेवतात, एकमेकींना अल्पमुदतीची कर्जे देतात, परस्परांचे व्यवहार भागवतात. आर्थिक संकटात ग्राहकांना कर्ज मिळणे-न मिळणे बऱ्याच अंशी या संबंधांवर ठरते.

एरवी ते कर्जाला पोषकच असतात. दिवसअखेर एका बँकेकडे रोख उरते, दुसरीला कमी पडते. पहिली ती दुसरीला एका रात्रीपुरती, अनेकदा तारणाशिवाय, वापरायला देते. त्यामुळे कोणालाच फार रोकड नुसती बाजूला काढून ठेवावी लागत नाही. फ्रँकलिन ॲलन व डग्लस गेल या अर्थशास्त्रज्ञांच्या २००० सालच्या प्रतिमानानुसार, सगळ्या बँका एकमेकींशी जोडलेल्या असतील तर धक्का थोडाथोडा वाटला जातो. साखळीसारख्या रचनेत तो शेजारणीवरच कोसळतो. पण नुकसान फारच मोठे असेल तर दाट जाळेच ते सर्वदूर पोहोचवते.

प्रत्यक्ष बुडीत रकमेपेक्षा धास्तीनेच कर्जपुरवठा जास्त आटतो, असे २००७-०८ च्या जागतिक आर्थिक संकटाचा अनुभव पाहता म्हणावे लागते. ९ ऑगस्ट २००७ रोजी बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने मालमत्तेची किंमतच ठरवता येत नाही म्हणून आपल्या तीन फंडांतून पैसे काढणे थांबवले. त्याच दिवशी युरोपीय मध्यवर्ती बँकेला सुमारे ९५ अब्ज युरो बाजारात ओतावे लागले. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाल्यावर तर कोणाच्या ताळेबंदात काय दडले आहे याचा भरवसाच उरला नाही. तीन महिन्यांच्या डॉलर कर्जाचा आंतरबँक दर आणि एका रात्रीच्या अपेक्षित दरांवरून ठरणारा दर यांतले अंतर, म्हणजे बँकांच्या एकमेकींवरील अविश्वासाचे माप, एरवी ०.१ टक्क्याच्या आसपास असे. ऑक्टोबर २००८ मध्ये ते ३.५ टक्क्यांवर गेले. आपल्यालाच उद्या पैसा लागला तर, या विचाराने बँका रोख धरून बसल्या. अमेरिकेत ठेवींचा पाया भक्कम असलेल्या बँकांनी नवी कर्जे तुलनेने कमी आटवली. बाजारातून उसना पैसा आणणाऱ्यांनी जास्त. एकही हप्ता न चुकवलेल्या उद्योगालाही त्यामुळे नकार मिळू शकत होता.

हे नवे नव्हते. १९३० च्या दशकारंभी अमेरिकेतील ग्रामीण बँकांनी शहरांतल्या मोठ्या बँकांत ठेवलेला पैसा काढून घेतला, तेव्हा त्या शहरी बँकांनीही कर्जे कमी केली होती.

बँकांसाठी आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या बाझेल समितीच्या २०१९ पासूनच्या निकषांनुसार बँकेने एका पक्षाकडे किती रक्कम अडकवावी याला प्रथम श्रेणी भांडवलाच्या (तोटा सोसायला बँकेकडे असलेल्या मुख्य स्वतःच्या भांडवलाच्या) २५ टक्क्यांची मर्यादा आहे. जागतिक महत्त्वाच्या बँकांत आपसात ती १५ टक्के. मात्र अप्रत्यक्ष नाती या मर्यादेत येत नाहीत. दोन बँकांचा आपसात एक पैशाचाही व्यवहार नसला, तरी दोघींकडे तेच रोखे असतील तर एकीने ते घाईने विकताच दुसरीकडच्या रोख्यांचीही किंमत पडते आणि तिची कर्ज देण्याची ऐपत घटते.