एलंडूनची लढाई

इंग्लंडमधील वेसेक्स आणि मर्सिया या अँग्लो-सॅक्सन राज्यांत इ. स. ८२५ मध्ये झालेली लढाई. तीत वेसेक्सचा राजा एग्बर्ट याने मर्सियाचा राजा बेओर्नवुल्फ याचा पराभव केला. विल्टशर परगण्यात, स्विंडनच्या दक्षिणेस असलेल्या रॉटन गावाच्या आसपास ही रणभूमी होती, असे सामान्यतः मानतात. अँग्लो-सॅक्सन बखरीत, म्हणजे इंग्लंडमधील घटनांची वर्षवार नोंद करणाऱ्या जुन्या ग्रंथात, लढाई ८२३ सालाखाली आढळते. मात्र बखरीतील त्या काळच्या नोंदी दोन वर्षांनी चुकलेल्या आहेत.

आठव्या शतकात राजा ऑफाच्या कारकिर्दीत मर्सियाने थेम्सच्या दक्षिणेपर्यंत वचक बसवला होता. एग्बर्टला तरुणपणी देशोधडीला लावण्यात याच ऑफाचा हात होता. फ्रँकांच्या (आजच्या फ्रान्सच्या भागातील राज्यकर्त्यांच्या) आश्रयाला राहून एग्बर्ट परतला आणि ८०२ मध्ये वेसेक्सच्या गादीवर आला. उलट बेओर्नवुल्फची गादी नवी होती. ८२३ मध्ये केओलवुल्फला पदच्युत करून ती त्याने बळकावली होती.

प्रत्यक्ष लढाईविषयी बखर एका वाक्यात आटोपते : एग्बर्टचा जय झाला आणि तेथे मोठा संहार झाला. सैन्याचा आकडा नाही, डावपेच नाहीत. एलंडूनचा ओढा रक्ताने लाल झाला, हे वर्णन बाराव्या शतकातील इतिहासकार हंटिंग्डनच्या हेन्रीचे. ते वाचायला झकास असले, तरी पुरावा म्हणून त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

लढाईचे खरे महत्त्व पुढच्या हालचालींत आहे. एग्बर्टने पुत्र एथेलवुल्फ, शेरबोर्नचा बिशप एआल्हस्टान आणि सरदार वुल्फहेअर्ड यांना मोठ्या फौजेनिशी केंटवर धाडले. तेथील राजा बाल्ड्रेड थेम्सपार पळाला. केंट, सरे, ससेक्स व एसेक्स एग्बर्टच्या हाती आले. हे लोक पूर्वी त्याच्या नातलगांपासून अन्यायाने तोडले गेले होते, असे कारण बखर देते. अर्थात ती वेसेक्सच्या बाजूची आहे. ईस्ट अँग्लियानेही एग्बर्टचा आश्रय मागितला आणि तेथील लोकांनी बेओर्नवुल्फला ठार केले.

८२९ मध्ये एग्बर्टने खुद्द मर्सियाही जिंकले, पण वर्षभरातच तेथील राजा विग्लाफने ते परत मिळवले. आग्नेयेकडील मुलूख मात्र मर्सियाला पुन्हा मिळाला नाही. तेथे एथेलवुल्फ पित्याच्या हाताखाली राजा म्हणून राहिला.