दाढ दाखवायला आलात, मग दारूचं कशाला विचारतो?

आमच्या फॉर्मच्या मागच्या बाजूला दोन प्रश्न आहेत, एक तंबाखूचा आणि एक मद्याचा. पुढची बाजू सगळे नीट भरतात. मागची कोरी येते, नाहीतर दोन्हीकडे घाईघाईने 'नाही' लिहून. काही जण काउंटरवरच विचारतात, 'दाढ दुखतेय, त्यात दारूचा काय संबंध?' संबंध आहे. रोज तोंडी सांगण्यापेक्षा एकदा छापून ठेवलेला बरा, म्हणून हे पत्रक.

तोंडाच्या कॅन्सरची सर्वांत मोठी कारणं हीच दोन. तंबाखूचं सगळ्यांना पटतं, मग ती ओढायची असो की चघळायची. दारूचं पटत नाही, कारण दारू म्हटलं की लिव्हर एवढंच डोक्यात बसलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, आयएआरसीने, १९८८ मध्येच मद्याला कॅन्सरकारक ठरवलं. बीअर, वाइन, व्हिस्की असा भेद त्यात नाही. अल्कोहोलपासून शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं घातक द्रव्य तयार होतं आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. हे काम फक्त लिव्हरमध्ये चालतं असं नाही. तोंडातले जिवाणूही ते बनवतात आणि ते लाळेत उतरतं. शिवाय अल्कोहोलमुळे तोंडाच्या आतलं अस्तर जास्त झिरपू देतं, त्यामुळे तंबाखूतली घातक द्रव्यं खोलवर पोचतात. म्हणून दोन्ही सवयी असल्या की धोक्याची बेरीज होत नाही, जवळजवळ गुणाकार होतो. १९८८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात, दिवसाला दोन किंवा अधिक पाकिटं सिगारेट आणि चारपेक्षा जास्त ड्रिंक घेणाऱ्यांना तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका ३५ पटींहून अधिक आढळला होता.

आता मुद्द्याचं. आमचा आणि तुमचा सर्वांत जास्त वेळ जातो तो त्या 'नाही'मुळे. समजा, गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, पुसून जात नाही, आणि समोरच एका दाढेची धार लागतेय. फॉर्मवर 'तंबाखू नाही' असेल तर पहिला संशय दाढेवर जातो. आम्ही धार घासून गुळगुळीत करतो आणि दोन आठवड्यांनी परत बोलावतो. चट्टा जिथल्या तिथे. मग हळूच कळतं की त्याच बाजूला, त्याच जागी, कित्येक वर्षं तंबाखू धरायची सवय आहे. पुढची तपासणी पहिल्याच दिवशी ठरवता आली असती. तंबाखूचे डाग निदान दातांवर दिसतात तरी. दारूचा डाग पडत नाही, ती तुम्ही सांगाल तेव्हाच कळते.

'कधीतरी' हे उत्तरही आमच्या कामाचं नाही. आठवड्यात किती वेळा, एका वेळी किती आणि किती वर्षं, एवढं लिहा. चघळत असाल तर कोणत्या बाजूला धरता तेही लिहा. बीअर धरायची का? धरायची. साधी ३५० मिली बीअर, १५० मिली वाइन आणि ४५ मिली व्हिस्की, तिन्हींत साधारण १४ ग्रॅमच अल्कोहोल असतं. सवय सोडली असेल तर अभिनंदन, पण कधी सोडली ते लिहाच. सिगारेट सोडल्यावर धोका काही वर्षांत कमी होऊ लागतो, तरी कधीच न ओढणाऱ्याच्या पातळीला यायला वीसेक वर्षंही लागू शकतात.

शेजारी वडील किंवा बायको बसली आहे म्हणून 'नाही' लिहिलं जातं, हे आम्हाला कळतं. आत खुर्चीवर एकटे असताना सांगा, दुरुस्ती आम्ही करून घेतो. इथे भाषण मिळत नाही. सोडायची इच्छा असेल तर कोणाकडे जायचं ते मात्र जरूर सांगतो.

दुसरी तक्रार, 'दात बघायचा सोडून जीभ का ओढता?' जिभेची कड आणि जिभेखालची जागा या कॅन्सरच्या नेहमीच्या जागा आहेत, आणि त्या तुम्हाला घरच्या आरशात धड दिसत नाहीत. म्हणून गॉजने टोक धरून जीभ दोन्ही बाजूंना वळवतो, जिभेखाली बोटाने चाचपतो, गळ्याच्या गाठी बघतो. काही मिनिटांचं काम आहे. व्यसन नसलेल्यांनाही हा कॅन्सर होतो, त्यामुळे तपासणी सगळ्यांचीच करतो. सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच लोक थांबतात. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त काळजीचा. दोन आठवड्यांत न भरलेलं तोंडातलं कुठलंही व्रण किंवा गाठ दाखवायलाच हवी. कॅन्सर जागच्या जागी असताना सापडला तर पाचपैकी चार रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूरवर पसरल्यावर निम्मेही राहत नाहीत.

बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी छोटा तुकडा काढणं, आम्ही इथे करत नाही. गरज वाटली तर फोटो आणि चिठ्ठी देऊन तज्ज्ञांकडे पाठवतो. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो या भीतीने काही जण ती चिठ्ठी खिशातच ठेवतात. तसं काही होत नाही. संशयाची जागा नसेल तरी तोंडाचे फोटो तुमच्या फाइलला राहतात, आणि सहा महिन्यांनी आलात की आम्ही जुने-नवे शेजारी ठेवून बघतो. दर वेळी नवीन दवाखान्यात जाणाऱ्याला ही सोय मिळत नाही. दाताचं काही काम नसलं तरी नुसत्या तपासणीची वेळ घेता येते.

त्या दिवशी व्रणावर बधिर करणारं जेल किंवा मलम लावून येऊ नका, लिपस्टिकही नको. कवळी असेल तर ती ठेवायला डबी घेऊन या, कारण ती काढल्याशिवाय टाळू बघता येत नाही.