वर्गात अंथरूण, पण डोळ्याला डोळा नाही

मे २०२० ची, कोरोनाच्या लॉकडाऊनमधली गोष्ट. ई-पास, म्हणजे प्रवासाची सरकारी परवानगी काढून मुंबईवरनं गावी आलो, गाव पाटण तालुक्यात, आणि वेशीवरच दक्षता समितीच्या पोरांनी गाडी अडवून सरळ मराठी शाळेत नेलं, चौदा दिवसांच्या क्वारंटाईनला. चौथीचा वर्ग मिळाला. भिंतीवर पाढे, वारांची नावं, फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच राहिलेली. आम्ही सात जण, प्रत्येकाची वाकळ दुसऱ्यापासनं चार हात लांब. पहिल्या दिवशी मनात काय आलं असेल तर हे, की चला, पंधरा वर्षांत कधी मिळाली नव्हती ती झोप आता काढू. ना लोकल, ना अलार्म, डबा घरनं येतोय, करायला काहीच नाही.

आणि चौथ्या रात्री तीन वाजता मी छताचे पत्रे मोजत होतो.

हे फक्त माझंच झालं असतं तर लेख लिहायचं कारण नव्हतं. पण त्याच काळात स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या सव्वाचारशेच्या वर लोकांना त्यांच्या झोपेबद्दल विचारलं गेलं, तर उत्तर मजेशीर आलं. लॉकडाऊनमध्ये लोकांची झोप रोज साधारण पाव तासानं वाढली होती, सुट्टीच्या आणि कामाच्या दिवसांच्या झोपेतला फरकही कमी झाला होता, म्हणजे कागदावर सगळं छान, पण झोपेचा दर्जा मात्र आधीपेक्षा घसरलेला. तास वाढले आणि झोप बिघडली. हे कसं काय होतं ते बघायचं तर आमच्या वर्गातल्या तात्याकडं बघावं लागेल.

तात्या माथाडी कामगार. वाशीच्या भाजी मार्केटात रात्रीच्या गाड्या खाली करायचं काम, वीस-बावीस वर्षं. म्हणजे ज्याची झोप सगळ्यात जास्त उलटीपालटी असायला हवी असा माणूस. पहिले दोन-तीन दिवस त्याचेही बेकार गेले, रात्रभर व्हरांड्यात येरझाऱ्या. पण नंतर त्यानं काय केलं, तर सकाळी सहाला उठायचं, वाकळ गुंडाळून बाकावर टाकायची, खराटा घ्यायचा आणि शाळेचं पटांगण झाडायचं. रोज. झाडून झालं की पटांगणाच्या कडेची वाळून गेलेली झाडं, त्यांना पाणी. दुपारी मी ढाराढूर असायचो तेव्हा हा पायरीवर बसून गेटपलीकडच्या पोरांशी गप्पा मारायचा. आणि रात्री दहाला जो घोरायला लागायचा तो सकाळपर्यंत.

मी मात्र अकराला उठायचो. चहाचा थर्मास घरनं यायचा, तो दिवसभर पुरवून पुरवून प्यायचो, दुपारी जेवून आडवा, संध्याकाळी परत जरा आडवा, आणि रात्री मोबाईल.

एक दिवस तात्या म्हणला, "आरं दिसभर लोळल्यावर रातच्याला झोप कुठनं यायची? भूक लागाय नको व्हय पोटाला?"

आता गंमत अशी की तात्या जे बोलला ते झोपेच्या विज्ञानात १९८२ साली अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञानं मांडलंय, आणि आजपण झोप समजवायची तर सुरुवात तिथनंच करतात. बोर्बेलीचं म्हणणं असं की झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे झोपेची भूक. आपण जागे असतो तोवर मेंदू काम करतो, ऊर्जा वापरतो आणि त्यातनं अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. जितका वेळ जागे तितकं अ‍ॅडेनोसिन जास्त, तितके डोळे जड. झोपलो की ते कमी होत जातं. दुपारची दोन तासांची डुलकी म्हणजे जेवणाआधी वाटीभर चिवडा खाल्ल्यासारखं, मग रात्री ताटावर बसलो तरी घास जात नाही. चहा-कॉफीतलं कॅफिन तर अजून चलाख, ते भूक कमी करत नाही, अ‍ॅडेनोसिन मेंदूत जिथं जाऊन चिकटतं ती जागाच आधी अडवून बसतं, त्यामुळं भूक असूनही कळत नाही. आणि प्यायलेल्या कॅफिनमधलं निम्मं अंगातनं जायलाच साधारण पाच-सहा तास लागतात. माझा थर्मास संध्याकाळी सातला संपायचा, हिशोब तुम्हीच करा.

दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळ. मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडनं येणाऱ्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक बारकासा पुंजका आहे, तो अंगातल्या सगळ्या घड्याळांचा मास्तर. पण या मास्तरचं घड्याळ बरोबर चोवीस तासांचं नसतं. बहुतेक माणसांत ते सरासरी दहा-बारा मिनिटं जास्तीचं असतं. रोज दहा मिनिटं मागं पडणारं घड्याळ रोज कुणीतरी लावायला पाहिजे, नाहीतर आठवड्याभरात तास-सव्वा तास घसरणार. ते लावायचं काम करतो सकाळचा उजेड. डोळ्याच्या पडद्यात काही खास पेशी असतात, त्यांचा बघण्याशी फार संबंध नाही, उजेड किती आहे एवढंच मोजून त्या मास्तरला कळवतात. त्यांचा शोध तसा अलीकडचा, २००२ च्या सुमाराचा.

आणि इथंच वर्गाचा मामला येतो. आपल्या डोळ्याला वाटतं की ट्यूब लावली की खोली उजळली. पण घरातल्या ट्यूबचा उजेड शे-दोनशे, फार तर पाचशे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). बाहेर ढगाळ दिवस असला तरी हजारोंमध्ये, आणि मे महिन्यातलं दुपारचं ऊन लाखाच्या घरात. म्हणजे मी दिवसभर ज्या वर्गात पडून होतो तिथं माझ्या मास्तरच्या दृष्टीनं दिवस उगवलाच नव्हता. वरनं रात्रभर ट्यूब चालूच, कारण दुसऱ्याच रात्री दाराशी विंचू निघालेला आणि लाईट बंद करायला कुणीच तयार नाही. दिवसा अंधूक, रात्रीपण अंधूक. तात्या सहाला पटांगणात जायचा तेव्हा तो नुसता झाडलोट करत नव्हता, घड्याळ लावून घेत होता, त्याला हे माहीत नसलं तरी.

माणूस उजेडाशिवाय किती भरकटतो याचा लई भारी दाखला म्हणजे मिशेल सिफ्र. हा फ्रेंच तरुण १९६२ मध्ये आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळ-कॅलेंडर काहीही न घेता दोन महिने एकटा राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेरनं कळवलं की मुदत संपली, तर त्याच्या हिशोबानं तेव्हा २० ऑगस्ट चालू होता. पंचवीस दिवस हरवले! नंतर २०१० ते २०११ मध्ये मॉस्कोत सहा जणांना मंगळावर जायची रंगीत तालीम म्हणून ५२० दिवस बंद डब्यात ठेवलेलं, त्यातल्या एकाचा दिवस तर पंचवीस तासांचा होऊन बसला, बाकीचे जेवत असताना हा झोपलेला. आम्हाला चौदाच दिवस होते, तरी आठव्या दिवशी आज मंगळवार की बुधवार यावर वर्गात खरोखर वादावादी झाली. शेवटी फळ्यावरची मार्चची तारीख पुसून रोजचा आकडा लिहायला लागलो.

त्या आकड्याचा उपयोग वाटतो त्याहून मोठा. २०२० च्या फेब्रुवारीत, म्हणजे आपल्याकडं लॉकडाऊन लागायच्याही आधी, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात क्वारंटाईनच्या मानसिक परिणामांवर एक आढावा आला होता, आधीच्या साथींमधले २४ अभ्यास एकत्र करून. माणसाला कशाचा त्रास होतो, तर मुदत लांबली की, आजाराची भीती, कंटाळा, जेवणाखाण्याची आबाळ, नीट माहिती न मिळणं, आणि सुटल्यावर पैशाची ओढाताण आणि लोकांच्या नजरा. कॅनडातल्या टोरांटोत २००३ च्या सार्सच्या साथीच्या वेळी घरात अडकवलेल्या १२९ लोकांनी माहिती भरून दिली होती, त्यात साधारण ३१ टक्क्यांना नैराश्याची लक्षणं आणि दहा दिवसांपेक्षा जास्त अडकलेल्यांना त्रास जास्त. अभ्यास छोटा आहे, ज्यांनी स्वतःहून फॉर्म भरला त्यांचाच आहे, त्यामुळं आकडा जसाच्या तसा सगळ्यांना लावू नये. पण आढाव्यातला सल्ला मला पटला, मुदत कमीत कमी ठेवा आणि एकदा सांगितली की वाढवू नका.

आमची वाढवली. बाराव्या दिवशी शेजारच्या वर्गातला एक जण पॉझिटिव्ह निघाला आणि फळ्यावरचा आकडा परत एकवर. वैद्यकीयदृष्ट्या चूक नव्हतं, व्हरांडा आणि नळ एकच होता. चौदा दिवसांचा हिशोबही वाऱ्यावरचा नाही, लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच दिवस जातात आणि ज्यांना लक्षणं येतात त्यातल्या बहुतेकांना साडेअकरा दिवसांच्या आत आलेली असतात, वर थोडी शिल्लक ठेवून चौदा. पण हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. नुसतं "अजून थांबावं लागेल". त्या रात्री तात्यासुद्धा झोपला नाही.

लोकांच्या नजरांचं तर विचारूच नका. हातावर शिक्का, आणि गेटबाहेरनं पाण्याला जाणाऱ्या बायका पदर नाकाला लावून चाल वाढवायच्या. गावच्या जत्रेला वर्गणी पाठवणारे आम्ही, एका महिन्यात "मुंबईवाले" झालो. माझी आजी सांगायची की तिच्या सासूच्या काळात प्लेगात अख्खा गाव माळावर झोपड्या घालून राहायचा. १८९६ ला मुंबईत आलेला प्लेग सातारा जिल्ह्यातही पोचला होता. आपल्याच नायगावच्या सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला पुण्यात रुग्णसेवा करताना प्लेगनंच गेल्या. पण माळावर सगळाच गाव असायचा, एकटा कुणी नसायचा. शाळेत बसवलेला माणूस गाव समोर दिसत असताना गावाबाहेर असतो, हे वेगळंच.

आणि असल्या विचारांनी झोप उडते ती कल्पना म्हणून नाही, अंगानं उडते. धोका आहे असं मेंदूनं ठरवलं की हृदयाचे ठोके वाढतात, कॉर्टिसॉलसारखी ताणाची हार्मोन्स वर जातात, कान उभे राहतात. विंचवासाठी ही व्यवस्था ठीक आहे, विंचू मारला की संपलं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मृतांचा आकडा रात्री बाराला वाचला तर तो मारायचा कसा? आमच्या कोयनेच्या बाजूला १९६७ च्या भूकंपानंतर लोक कितीतरी दिवस अंगणात झोपायचे म्हणतात, तसं माझं मन चोवीस तास अंगणात झोपल्यासारखं झालेलं.

तरीपण भीतीनं गेलेली झोप आठ-दहा दिवसांत परत यायला पाहिजे, ती का येत नाही? झोपेचे डॉक्टर म्हणतात की निद्रानाश सुरू करणारी कारणं वेगळी आणि टिकवणारी वेगळी. सुरू केला कोरोनानं, टिकवला मी. रात्री झोप झाली नाही म्हणून सकाळी उशिरापर्यंत पडून राहिलो, दुपारी भरपाई केली, रात्री लवकर आडवा होऊन झोपेची वाट बघत बसलो. शिवाय एकाच वाकळेवर जेवण, मोबाईल, काळजी आणि झोप. मेंदू जागा बघून सवय लावतो, वाकळ दिसली की त्याला झोप आठवायच्या ऐवजी जागरण आठवायला लागतं. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये यावर जो उपाय मांडला तो आजही वापरतात, झोप आली तरच अंथरुणात जायचं, पंधरा-वीस मिनिटांत नाही लागली तर उठून दुसरीकडं बसायचं, अंथरुणात दुसरं काही करायचं नाही, आणि रात्र कशीही जावो, उठायची वेळ एकच. आपल्या घरात पूर्वी सकाळी अंथरुणं काढून घडी घालून ठेवायचे ना, तेच. पलंग आले आणि अंथरूण दिवसभर पसरलेलं राहायला लागलं.

मी दुसऱ्या चौदा दिवसांत तात्याच्या मागं खराटा धरला. पहिले तीन-चार दिवस हाल, दुपारी बाकावर बसल्या बसल्या डुलायचो, तात्या खडू मारायचा. साधारण आठवड्यानं रात्री साडेअकराच्या पुढं जाग राहिना. विंचवाची भीती तशीच, फक्त ट्यूबऐवजी दाराला फडकं दाबून लावलं.

नंतर कुतूहल म्हणून पीट्सबर्गची झोपेची प्रश्नावली भरून बघितली. १९ प्रश्न, मागच्या महिन्यातल्या झोपेबद्दल, गुण शून्य ते २१, पाचाच्या वर गेलं की झोप खराब. शाळेतले सुरुवातीचे दिवस आठवून भरले तर तेरा आले. तिच्यात खोलीतल्या जोडीदाराला विचारायचे पण काही प्रश्न असतात, घोरतो का वगैरे, आमच्याकडं जोडीदार सहा होते आणि सगळ्यांची मतं वेगळी.

साथीत झोपेची काळजी म्हणजे चैन, असं कुणाला वाटत असेल तर एक प्रयोग सांगतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अमेरिकेतल्या १५३ धडधाकट लोकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. त्याआधी दोन आठवडे त्यांच्या झोपेची नोंद ठेवलेली. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना आठ तासांवर झोपणाऱ्यांपेक्षा सर्दी जवळजवळ तिप्पट झाली. तो विषाणू सर्दीचा होता, कोरोनाचा नाही, पण क्वारंटाईनमध्ये थर्मामीटर लावायला रोज येणाऱ्या आशाताईंच्या वहीत "रात्री झोप लागली का" एवढा एक रकाना असता तर काय बिघडलं असतं? तेव्हा कुणाला फोन करावा हेपण माहीत नव्हतं. आता १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं. आणि झोप महिनोन् महिने येत नसेल किंवा जगणं नको वाटत असेल तर खराट्यानं भागत नाही, डॉक्टर गाठायचा.

तात्या जुलैत परत वाशीला गेला, परत रात्रपाळी. मध्यंतरी फोनवर विचारलं, आता सकाळच्या उन्हाचं काय? तर म्हणाला, सकाळी सुटलो की टोपी पार नाकापर्यंत ओढतो, बसमध्ये खिडकीकडं बघतच नाही, आणि खोलीच्या खिडकीला पेपर चिकटवलेत. दिवसा झोपायचंय तर दिवस दिसूच द्यायचा नाही. रात्रपाळीवाल्यांना झोपेचे डॉक्टर हेच सांगतात, घरी जाताना काळा गॉगल लावा म्हणून. तात्याला म्हणलं गॉगल घे की एक. "मार्केटातली पोरं हसत्याल," म्हणला.