पेज ब्रेक टाकून पान आडवं होत नाही

प्रबंध किंवा प्रकल्प-अहवाल वर्डमध्ये करणाऱ्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एक पान आडवं करायला गेलं की सगळी फाइल आडवी होते, आणि प्रस्तावनेचे पानक्रमांक रोमन केले की आतलेही रोमन होतात. दोन्हीचं कारण एकच. सेक्शन ब्रेक, म्हणजे फाइलचा स्वतंत्र मांडणीचा नवा भाग (सेक्शन) सुरू करणारी खूण, हवा तिथे पेज ब्रेक टाकलेला असतो.

पेज ब्रेक सगळ्यांना येतो. कंट्रोल-एंटर दाबलं की पुढचा मजकूर नव्या पानावर, एवढंच त्याचं काम. (वीसदा एंटर मारून मजकूर खाली ढकलणाऱ्यांनी ती सवय आजच सोडावी. वर एक ओळ वाढली की खालचं सगळं घसरतं.) प्रकरणाच्या शीर्षकासाठी मी पेज ब्रेकही टाकत नाही. हेडिंगच्या स्टाइलमध्येच ‘पेज ब्रेक बिफोर’ची खूण करून ठेवतो, मग प्रत्येक प्रकरण आपोआप नव्या पानावर येतं.

पानाची दिशा, समास, कागदाचा आकार, हेडर-फूटर, पानक्रमांकांची पद्धत हे सगळं वर्ड पानागणिक ठेवत नाही, सेक्शनगणिक ठेवतो. फाइलमध्ये शंभर पेज ब्रेक असले तरी सेक्शन एकच असतो. म्हणून एक पान फिरवलं की सगळी फिरतात.

समजा, चाळिसाव्या पानावर रुंद तक्ता आहे. तेवढंच पान आडवं हवं तर तक्त्याच्या आधी एक आणि नंतर एक असे ‘नेक्स्ट पेज’ प्रकारचे दोन सेक्शन ब्रेक लागतात. एकच टाकला तर तिथून शेवटपर्यंत सगळं आडवं. सोपा मार्ग म्हणजे तक्ता सिलेक्ट करून पेज सेटअपमध्ये लँडस्केप निवडायचं आणि खाली ‘अप्लाय टू’मध्ये ‘सिलेक्टेड टेक्स्ट’ घ्यायचं. दोन्ही ब्रेक वर्ड स्वतः टाकतो. आडव्या पानांची वेगळी फाइल करून शेवटी पीडीएफ जोडत बसायची काहीच गरज नाही.

खरी फसगत होते ती ब्रेक पुसताना. सेक्शनची मांडणी त्याच्या सुरुवातीला नसते, त्याच्या शेवटच्या ब्रेकमध्ये साठवलेली असते. तो ब्रेक पुसला की वरचा मजकूर खालच्या सेक्शनची मांडणी घेतो. वरच्या उदाहरणात तक्त्याआधीचा ब्रेक पुसून पाहा: आधीची 39 उभी पानं एका झटक्यात आडवी होतील. ‘फाइल करप्ट झाली’ म्हणून लोक घाबरतात ते इथेच. फाइल धडधाकट असते. कंट्रोल-झेड दाबा आणि पुसण्याआधी कंट्रोल-शिफ्ट-8 दाबून लपलेल्या खुणा पाहायची सवय लावा. तिथे पेज ब्रेकची रेघ एकेरी दिसते आणि सेक्शन ब्रेकची दुहेरी.

पानक्रमांकांबाबतही एक गैरसमज पक्का बसलाय. नव्या सेक्शनचं फूटर मागच्याला जोडलेलं असतं, म्हणून सगळे आधी ‘लिंक टू प्रीव्हियस’ काढायला धावतात. रोमन संपवून 1 पासून सुरुवात करायची असेल तर त्याची गरजच नाही. जोडलेला असतो तो फूटरमधला मजकूर. क्रमांक रोमन की साधा आणि कुठून सुरू, हे प्रत्येक सेक्शनचं स्वतंत्र असतं. पहिल्या प्रकरणात कर्सर ठेवा, ‘फॉरमॅट पेज नंबर्स’मध्ये साधे आकडे निवडा आणि ‘स्टार्ट अ‍ॅट’मध्ये 1 घाला. हेडरमध्ये प्रकरणाचं नाव बदलायचं असेल तेव्हा मात्र लिंक काढावीच लागते, आणि तीही बदल करण्याआधी. हेडरची काढली म्हणून फूटरची निघत नाही.

‘कंटिन्युअस’ ब्रेक त्याच पानावर दोन स्तंभ करायला, ‘ऑड पेज’ प्रकरण उजव्या पानावर सुरू करायला. त्यात गोंधळ होण्यासारखं काही नाही.

क्रमांक पुन्हा 1 पासून सुरू केलेल्या फाइलची मोजकीच पानं छापताना प्रिंटच्या चौकटीत नुसतं 5 लिहू नका, कारण पाचवं पान एकाहून जास्त सेक्शनमध्ये असू शकतं. दुसऱ्या सेक्शनचं पाचवं पान हवं तर इंग्रजी अक्षरांत p5s2 असं सलग लिहा. कुठलं पान कितव्या सेक्शनमध्ये आहे ते खालच्या स्टेटस बारवर राइट क्लिक करून ‘सेक्शन’ निवडलं की कायम दिसत राहतं.